सूक्ष्म शस्त्रक्रियेचा सराव आणि आपले कर्तव्य

ज्या कामात एकदा झालेली चूक पुन्हा सुधारता येत नाही, त्या कामात नवशिक्याचा हात कशावर बसवावा, हा प्रश्न आपणा सुरतवासी व्यापाऱ्यांना नवा नाही. हिऱ्याच्या कारखान्यात नव्या कारागिराच्या हाती पहिल्याच दिवशी मोलाचा खडा कोणी देत नाही. प्रथम हलका माल, मग बरा माल, आणि डोळा, मनगट व धीर ही तिन्ही स्थिर झाल्यावर उत्तम माल, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. हाच प्रश्न जेव्हा शस्त्रवैद्याच्या बाबतीत उपस्थित होतो, तेव्हा हलका माल कोणता समजायचा, हे ठरविणे फार कठीण होते. तेथे खड्याच्या जागी जीव असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि त्यात आपल्या समाजाचा वाटा कोणता, तेही स्पष्ट सांगावयाचे आहे.

सूक्ष्म शस्त्रक्रिया म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली केलेली शस्त्रक्रिया. कानाच्या शस्त्रक्रियेसाठी स्वीडनमधील कार्ल नायलेन यांनी १९२१ साली सूक्ष्मदर्शक वापरला. पुढे १९६० साली अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात ज्यूलियस जेकबसन व अर्नेस्टो सुआरेझ यांनी त्याच्या साहाय्याने १.६ ते ३.२ मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या जोडून दाखविल्या. १९६५ साली जपानमधील नारा येथे कोमात्सु व तामाई यांनी पूर्णपणे तुटलेला अंगठा पुन्हा जागेवर जोडला. तेव्हापासून तुटलेली बोटे जोडणे, कर्करोगाने गेलेल्या जबड्याच्या जागी पायाचे हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह आणून बसविणे, छिन्न झालेले मज्जातंतू सांधणे, या गोष्टी शक्य झाल्या आहेत.

या कामाचे माप आपल्या परिचयाच्या भाषेत सांगतो. बोटातील रोहिणीचा, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीचा, व्यास सुमारे १ मिलिमीटर असतो, आणि टोकाकडे तो त्याहूनही कमी होत जातो. १ मिलिमीटरचा गोल हिरा वजनाला जेमतेम अर्धा सेंट भरतो, हे वाचकांस ठाऊकच आहे. तेवढ्या रुंदीच्या, ओल्या, निसरड्या आणि स्पर्शाने आकसणाऱ्या नळीची दोन टोके समोरासमोर आणून त्यांच्या कडेने साधारण आठ टाके घालावयाचे असतात. धागा केसाहून बारीक असतो. सुईचे टोक नळीच्या समोरच्या भिंतीऐवजी मागच्या भिंतीतही शिरले, तर नळीचे तोंडच शिवले जाते आणि रक्त वाहावयाचे थांबते. आणखी एक गोष्ट आपल्या व्यवसायास भूषणावह आहे. ज्या बारीक चिमट्यांनी हे काम चालते, ते मुळात जवाहिरे व घड्याळजी यांच्या पेढीवरून शस्त्रक्रियागृहात गेलेले आहेत. आजही वैद्यकात त्यांना जवाहिऱ्याचा चिमटा असेच म्हणतात.

आता या कौशल्याची गरज सुरतेस किती आहे, हे पाहू. आपले शहर यंत्रमाग, जरी व भरतकामाच्या यंत्रांचे शहर आहे. उधना, लिंबायत या भागांत धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून ताप्तीकाठच्या रेल्वेने आलेली असंख्य मराठी कुटुंबे या कारखान्यांवर पोट भरतात. पट्टा, दाते आणि धावते सूत यांच्यामध्ये बोट सापडणे ही अशा शहरातील अपरिचित घटना नव्हे. तुटलेले बोट थंड ठेवले नाही तर सुमारे १२ तासांत निरुपयोगी होते. मनगटाच्या वर हात तुटला असेल तर त्यातील स्नायूंमुळे ही मुदत सुमारे ६ तासांवर येते. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. भाग प्रत्यक्ष बर्फाला लागू देऊ नये. हे प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. परंतु बोट नीट जपून आणले तरी ते जोडणारा हात गावात असला पाहिजे. मुंबई येथून सुमारे २६० किलोमीटर दूर आहे. जखमी मजुराला घेऊन तेवढा प्रवास करणे, आणि तेथे पोहोचल्यावर शस्त्रवैद्य मोकळा असणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या दैवावर सोडाव्या लागतात.

तेव्हा असे हात जास्तीत जास्त संख्येने तयार व्हावेत, याविषयी दुमत नसावे. दुमत आहे ते ते कशावर तयार व्हावेत याविषयी. जगभर या विद्येचे शिक्षण बहुतेक ठिकाणी जिवंत उंदरावर दिले गेले. उंदराला भूल देऊन त्याच्या मांडीतील सुमारे १ मिलिमीटर व्यासाची रोहिणी कापतात, विद्यार्थी ती जोडतो, आणि रक्त वाहते की नाही ते पाहतात. सराव संपल्यावर प्राण्याचा अंत करतात. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या समाजास ही गोष्ट रुचणार नाही, हे उघड आहे. रुग्णालयास देणगी देताना आपल्यापैकी कित्येकांच्या मनात हा विचार येतो, आणि कित्येक वेळा तो अटीच्या रूपाने व्यक्तही होतो.

परंतु येथे थांबून विचार केला पाहिजे. उंदीर नको एवढेच सांगून आपण मोकळे झालो, तर नवशिक्या वैद्य शिकेल कशावर? ग्रंथ वाचून टाका येत नाही. मग तो आपला पहिला टाका माणसावरच घालील, आणि तो माणूस बहुधा सरकारी रुग्णालयात आलेला गरीब मजूर असेल. अशा वेळी हिंसा टळली असे म्हणता येत नाही. ती एका जिवावरून दुसऱ्या जिवावर सरकली, इतकेच.

या शहराच्या इतिहासातच याविषयी एक बोधप्रद नोंद आहे. इ. स. १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासास निघालेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने आपले प्रवासवर्णन १६९६ साली प्रसिद्ध केले. त्यात त्याने येथील पांजरापोळीचे वर्णन केले आहे. गाई, घोडे, बकरे, कुत्री यांची आजारपणात व म्हातारपणात तेथे शुश्रूषा होई, याचे त्यास आश्चर्य वाटले. त्याच ठिकाणी ढेकूण, पिसवा अशा जीवांच्या पोषणाचीही सोय होती, आणि त्यासाठी एखाद्या गरीब मनुष्यास मोल देऊन रात्रभर तेथे निजविण्यात येई, असे तो लिहितो. परकीय प्रवाशाच्या लेखणीत अतिशयोक्ती असू शकते, हे मान्य करूनही त्यातील इशारा आपण घ्यावा. पांजरापोळीची करुणा हा सुरतेचा अभिमान आहे आणि तो राहीलच. पण किड्याच्या रक्षणाची किंमत गरिबाच्या रक्ताने चुकवावयाची नसते. करुणेचा खर्च करुणा करणाऱ्याने सोसावा, हाच न्याय होय.

सुदैवाने मार्ग नाही असे नाही. किंबहुना तो आपल्याच देशात फार पूर्वी दाखविला गेला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्या, म्हणजे सराव, या विषयाला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. छेदनासाठी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. भेदनासाठी पाण्याने भरलेली कातडी पिशवी. शिरावेधासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ. शिवण्यासाठी घट्ट विणीचे वस्त्र व मऊ कातडे. पट्टे बांधण्यासाठी मनुष्याकृती पुतळा, अशी ही योजना आहे. सर्व शास्त्रे पढलेला विद्यार्थीही सरावावाचून कर्मास अपात्र होय, असा त्या अध्यायाचा आशय आहे. जिवंत प्राणी मात्र या यादीत नाही. आपल्या पुण्याचेही एक उदाहरण आहे. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाच्या त्वचेने पुन्हा घडविले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याची हकीकत छापून आली. त्या कारागिराने कपाळावर शस्त्र ठेवण्यापूर्वी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार निश्चित केला होता. आधी मेण आणि मग माणूस, हा क्रम त्या अनाम हातालाही ठाऊक होता.

आजच्या काळातील साधने याच परंपरेत बसतात. पहिली पायरी रबरी हातमोज्याची. हातमोज्याचा तुकडा ताणून बसवावा, त्यात बारीकशी चीर पाडावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती शिवावी. कोणी झाडाच्या पानावरही असा सराव करतात. पान चटकन फाटते, म्हणून हात हलका ठेवावाच लागतो. दुसरी पायरी १ मिलिमीटर व्यासाच्या सिलिकोनच्या नळीची. जपानी खाद्यातील कंदाच्या पिठाच्या शेवयासुद्धा काही शिक्षकांनी यासाठी वापरल्या आहेत, कारण त्या ओल्या, नाजूक व निसरड्या असतात. नळीचा मोठा लाभ असा की, जोड पुरा झाल्यावर ती उभी चिरून आतील बाजू पाहता येते. टाके समान अंतरावर आहेत काय, मागची भिंत शिवली गेली आहे काय, कडा आत वळली आहे काय, हे सारे उघड दिसते. लंडनमधील अभ्यासकांनी अशा उघडलेल्या जोडावरून दहा प्रकारचे दोष मोजण्याची पद्धत बसविली आहे. लुपेखाली प्रत्येक खडा पारखणाऱ्या आपल्या बांधवांस या पद्धतीचे मोल सांगावयास नको.

तिसरी पायरी अधिक विचारपूर्वक सुचवितो. प्रसूतीनंतर बाहेर पडणारी वार ही रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. त्यांत जाड-बारीक सर्व मापांच्या नळ्या मिळतात. तिच्यासाठी कोणताही जीव घ्यावा लागत नाही. एरवी तिची विल्हेवाटच लावली जाते. आईची स्पष्ट संमती घेऊन, तिच्या रक्ताची संसर्गासाठी तपासणी करून, आणि वापरानंतर नियमाप्रमाणे विल्हेवाट लावून, वारेच्या वाहिन्यांवर खऱ्या ऊतींचा सराव करता येतो. त्यांतून रंगीत पाणी सोडले म्हणजे जोड गळतो की नाही तेही कळते. इतर ठिकाणी या पायरीवर कोंबडीची मांडी किंवा पंख वापरतात. तो मांस-बाजारातील माल असल्याने आपल्या देणगीतून त्याची खरेदी होऊ नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. वारेने ही अडचण दूर होते.

यावर जाणकार वैद्य एक आक्षेप घेतील, आणि तो पोकळ नाही. सिलिकोनच्या नळीत रक्त नसते. ती आकसत नाही, तिच्यात गुठळी होत नाही. जोड वरून सुबक दिसला तरी वीस मिनिटांनी आत गुठळी झाली असेल, तर ते केवळ जिवंत वाहिनीच सांगू शकते. हा आक्षेप मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. या विद्येचा पाया घालणाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले, हेही लपविण्यात अर्थ नाही. वाहिनी तीन ठिकाणी टाके घालून ताणण्याची युक्ती शोधणारे आणि १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे आलेक्सी कारेल यांचे प्रयोग प्राण्यांवरच झाले. तथापि त्याच कारेल यांनी बारीक टाक्याचा हात लिऑन या रेशमाच्या शहरातील एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून शिकून घेतला, असे सांगतात. म्हणजे टाक्याचे कौशल्य वेगळे, आणि रक्ताच्या वागणुकीचे ज्ञान वेगळे. पहिले निर्जीव वस्तूवर शिकता येते; दुसरे अनुभवी गुरूच्या शेजारी उभे राहून, प्रत्यक्ष रुग्णाच्या शस्त्रक्रियेत साहाय्य करताना शिकावे लागते.

हे केवळ भावनेने म्हटलेले नाही. कॅनडातील टोरांटो येथे नवशिक्या शस्त्रवैद्यांचे गट करून एकाला जिवंत उंदरावर, दुसऱ्याला सिलिकोनच्या नळीवर आणि तिसऱ्याला केवळ व्याख्यानातून सूक्ष्म जोडकाम शिकविण्यात आले. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, नवशिक्याच्या हस्तकौशल्याच्या दृष्टीने साधी नळी ही जिवंत प्राण्याइतकीच परिणामकारक ठरली, आणि केवळ व्याख्यान ऐकणारे मागे पडले. तेथेच २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, तेच धडे एका दिवसात उरकण्याऐवजी आठवड्याच्या अंतराने दिल्यास अधिक चांगले मुरतात, असे दिसून आले. यावरून निघणारा बोध साधा आहे. सरावाचे साधन शिकणाऱ्याच्या जवळ, रोज हाताशी असले पाहिजे. उंदीर कोणाच्या टेबलाच्या खणात राहत नाही; नळी राहू शकते.

कायद्याचे म्हणणेही असेच आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या विषयाला तोंड फोडले, त्यातून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या १७ व्या कलमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. ग्रंथ, प्रतिकृती, चित्रपट अशा साधनांनी काम भागत असेल तेथे वैद्यकीय विद्यालयांत प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. आणि केवळ हाताचे कसब मिळविण्यासाठी शक्यतोवर असे प्रयोग करू नयेत. येथे शक्यतोवर हा शब्द महत्त्वाचा आहे. शक्यता आपोआप निर्माण होत नाही. ती कोणी तरी पैसा, जागा आणि परिश्रम देऊन निर्माण करावी लागते. जेथे नळी नाही, सूक्ष्मदर्शक नाही, शिकविणारा नाही, तेथे कायद्याचे हे वाक्य कागदावरच राहते.

या ठिकाणी आपल्या पूर्वजांचे एक उदाहरण मार्गदर्शक आहे. जैन आचार्य उग्रादित्य यांनी नवव्या शतकात कल्याणकारक हा वैद्यकग्रंथ रचला. मांस, मद्य व मध यांचा औषधांत उपयोग न करता चिकित्सा कशी करावी, हे त्यांनी त्यात सांगितले, आणि राष्ट्रकूट राजाच्या सभेत मांसनिषेधाची बाजू मांडली. उग्रादित्यांनी केवळ निषेध केला नाही. निषिद्ध द्रव्यावाचून रोगी बरा कसा करावा, याची सविस्तर योजना हाती दिली. हा ग्रंथ १९४० साली सोलापूर येथे सखाराम नेमचंद ग्रंथमालेतून छापला गेला, तोही व्यापारी समाजाच्याच दातृत्वातून. ग्रंथ लिहिणारे आचार्य आणि तो जगविणारे व्यापारी, दोघांनीही निषेधाबरोबर पर्यायाचा भार उचलला.

म्हणून व्यापारी बंधूंपुढे माझी सूचना अशी आहे. सुरतेत १९६४ साली स्थापन झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, महानगरपालिकेचेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. यांपैकी ज्या संस्थेची तयारी असेल तिच्याशी विचारविनिमय करून, एक सरावगृह उभारण्याचा भार आपल्या संघाने उचलावा. त्यासाठी इमारतीची गरज नाही. एक स्वच्छ, शांत, उजेडाची खोली पुरे. सहा टेबले, प्रत्येकावर एक टेबली सूक्ष्मदर्शक, चिमटे, कात्र्या, सुईधारक, नळ्यांचा व हातमोज्यांचा साठा, एवढे साहित्य हवे. टेबली सूक्ष्मदर्शक हा शस्त्रक्रियागृहातील मोठ्या यंत्राच्या मानाने पुष्कळच स्वस्त असतो. मुदत उलटल्यामुळे रुग्णावर वापरता न येणारे धागे सरावास उत्तम चालतात. ते रुग्णालयांकडून मागून घेता येतील. टेबलाची उंची, कोपर टेकण्याची सोय, दिव्याचा कोन या बाबतींत आपल्या कारखान्यांतील जाणते कारागीर सल्ला देऊ शकतील. तासन् तास डोळा व हात स्थिर ठेवण्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणास आहे?

याबरोबर आपण एक शिस्तही स्वीकारावी. देणगीदार म्हणून आपण साधने द्यावीत; विद्यार्थी रुग्णाकडे जाण्यास योग्य झाला की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मात्र शिक्षकांचाच असावा. प्रत्येकाचे जोड उघडून मोजावेत, नोंदवहीत लिहावेत, आणि ठरलेली पात्रता आल्यावाचून कोणासही पुढची पायरी चढू देऊ नये. या नोंदींवरून एखादी पायरी अपुरी ठरली, तर तिच्या जागी दुसरे निर्जीव साधन शोधण्यासाठीही आपण खर्च करण्यास तयार असावे. आपले म्हणणे धर्माचे आहे म्हणून ते हिशेबातून सुटावे, अशी अपेक्षा आपण करू नये. चोख हिशेब हीच व्यापाऱ्याची प्रतिष्ठा आहे, आणि करुणेच्या कामातही ती तशीच राहिली पाहिजे.

कोणी म्हणतील, हे सरकारचे काम आहे. ते आहेच. पण ज्या मागांवर आणि यंत्रांवर आपल्या शहराची समृद्धी उभी आहे, त्यांवर काम करणाऱ्या बोटांचे ऋण आपल्यावरही आहे. ज्या दिवशी उधन्याच्या एखाद्या मजुराचे बोट याच शहरात जोडले जाईल, आणि ते जोडणाऱ्या तरुण वैद्याचा हात कोणत्याही प्राण्याचा जीव न घेता तयार झालेला असेल, त्या दिवशी या ऋणाचा एक अंश फिटेल. संघाच्या येत्या वार्षिक सभेत या प्रश्नाचा विचार व्हावा आणि प्रारंभीचा निधी तेथेच जमविला जावा, एवढी नम्र विनंती करून हे निवेदन पुरे करतो.